थंड पाण्याच्या दोन काचपेट्या: प्रकल्प नोंदी, रामबाग, इंदूर

१२ जानेवारी

दोन पेट्या करायच्या आहेत. मोठी ९० × ४५ × ४५ सेंमी, एका ॲक्सोलॉटलसाठी. लहान ६० × ३० × ३६ सेंमी, लाल पोटाच्या तीन चिनी न्यूटसाठी. दोन्ही शेपटीवाले उभयचर, पण एका पाण्यात ठेवायचे नाहीत. न्यूटच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं आणि ॲक्सोलॉटल तोंडात मावेल ते गिळतो.

ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचा. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं, २० खपतं. २२ च्या वर त्याचं खाणं सुटू लागतं आणि २४ ला कातडीवर कापसासारखी बुरशी धरायला वेळ लागत नाही. न्यूटला १८ ते २० उत्तम, २२ पर्यंत चालतं. आणि इथे मे महिन्यात पंखा चालू असलेली खोलीच ३६ दाखवते.

म्हणून क्रम ठरवून टाकला: आधी थंडावा, मग पाणी, जीव सगळ्यांत शेवटी. अख्खा मे महिना पेट्या रिकाम्या चालवायच्या. पिल्लू आधी घरी आणून मग पेटीची धावाधाव करणं हा या छंदातला सर्वांत महागडा चुकीचा क्रम आहे, आणि त्याची किंमत प्राणी मोजतो.

जागा तळमजल्याची उत्तरेकडची खोली. भिंत जुनी, चौदा इंची. ऊन थेट येत नाही. पेटी आतल्या भिंतीला, खिडकीपासून दोन मीटरवर.

१९ जानेवारी

उष्णतेचा हिशोब. मोठ्या पेटीत ३८ सेंमी पाणी, म्हणजे १५० लिटरच्या आसपास. सगळ्या बाजू धरून पृष्ठभाग सुमारे २ चौ.मी. उघड्या काचेतून दर चौ.मी.ला दर अंशाच्या फरकामागे ५ वॉट उष्णता आत येते असं धरलं, तर खोली ३६ आणि पाणी १८ असताना १८० वॉट होतात. मागची बाजू, दोन्ही कडा आणि तळ यांना २५ मिमीचं एक्सपीएस लावलं की हाच आकडा ९० वर येतो. फक्त समोरची काच आणि झाकण उरतं.

एक्सपीएस म्हणजे छताखाली घालतात तो कडक फोम. साधा थर्माकोल कडांना चालेल, पण तळाखाली नको. तो वजनाने असमान दबतो आणि तळाच्या काचेला एका कोपऱ्यात ताण बसतो.

९० वॉटमध्ये पंपाचे १५ मिळवून १०५. चिलर (पाणी गार करणारं कम्प्रेसरचं यंत्र) याच्या दुप्पट क्षमतेचा हवा, म्हणजे कम्प्रेसरला विसावा मिळतो. दशांश हॉर्सपॉवरचा ठरवला. विकत घेताना ‘इतक्या लिटरला चालतो’ या वाक्यावर जाऊ नये. खोली किती अंश असताना पाणी किती अंशांवर राहील, ते विचारावं.

नुसत्या पंख्याने भागेल का, हा प्रश्न नेहमी येतो. माठाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं की उत्तर मिळतं. माठ बाष्पीभवनाने गार होतो, पंखाही तेच करतो. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने पाणी फार तर साडेबावीस-तेवीसपर्यंत उतरू शकतं. मेमध्ये माठातलं पाणी कितीही गोड लागलं तरी ते १८ अंशांचं नसतं. ॲक्सोलॉटलसाठी पंखा हा उपाय नाही.

२६ जानेवारी

स्टँड दीड इंची एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचा, वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर एक्सपीएस. पाणी, काच, वाळू मिळून दोनशे किलोच्या घरात जातं. चारही पायांखाली रबर, लेव्हल पाणसळीने बघून.

काच ८ मिमी. सांध्यांना ॲसेटिक सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन चालत नाही. त्यातलं बुरशीनाशक पाण्यात उतरत राहतं आणि उभयचर कातडीतून श्वास घेतात, पाणीही कातडीतूनच शोषतात. सात दिवस सुकू द्यायचं, वास पूर्ण जाईपर्यंत.

३ फेब्रुवारी

गळती तपासणी, ४८ तास. पेटीखाली चारही कडांना वर्तमानपत्राची घडी बाहेर डोकावेल अशी ठेवली. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर डाग म्हणून दिसतो. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात डाग आला. पेटी रिकामी करून सांधा ब्लेडने खरवडला, स्पिरिटने पुसला आणि पुन्हा भरला. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, त्यामुळे वरवर थर दिला असता तर पुन्हा गळलं असतं. आणखी एक आठवडा गेला.

१२ फेब्रुवारी

दुसरी तपासणी कोरडी. पाणी भरलं.

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं आहे. नळावर मोजलं: पीएच ७.८, एकूण कठीणपणा ८ जर्मन अंश (विरघळलेल्या क्षारांचं माप), कार्बोनेट कठीणपणा ७. ॲक्सोलॉटलला थोडं कठीण पाणी मानवतं, म्हणजे मोठ्या पेटीत आरओ मिसळायची गरज नाही. क्लोरीन घालवायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे: क्लोरीन १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) असेल तर लिटरला ७ मिलिग्रॅम, १५० लिटरला १ ग्रॅम. ‘स्लाइम कोट’ आणि कोरफडवाली औषधं माशांसाठी असतात, ती इथे नकोत.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मोठ्या पेटीत कधीच थेट घालायचं नाही. मेच्या दुपारी ते हात पोळेल इतकं तापतं. पाणी बदलण्याआधी २० लिटरचे दोन कॅन आदल्या रात्री भरून खोलीत, आणि त्यांतला एक फ्रिजमध्ये.

१३ फेब्रुवारी

जिवाणूंचं विरजण लावलं. फिल्टरच्या स्पंजात प्राण्याच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू मुरल्याशिवाय ती पेटी म्हणजे नुसतं साठलेलं पाणी. मासे असलेल्या पेटीतला मुरलेला स्पंज आणला असता तर दोन आठवडे वाचले असते. आणला नाही, कारण त्यासोबत माशांचे रोगही येतात.

प्राणी नसताना जिवाणूंना लागणाऱ्या अमोनियासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. बर्तन बाजारात कल्हईसाठी मिळतो तो घेऊ नये, त्यात काय काय मिसळलेलं असतं कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घेतला. १५० लिटरमध्ये २ पीपीएम अमोनियासाठी ०.९५ ग्रॅम लागतो. दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजला.

पाणी हीटरने २७ अंशांवर. थंड पेटीत हीटर विचित्र वाटेल, पण हे जिवाणू उबेत भराभर वाढतात. १८ अंशांत हेच काम दोन-अडीच महिने रेंगाळतं. प्राणी यायच्या आधी हीटर कायमचा बाहेर.

लहान पेटीही आजच सुरू: २० सेंमी पाणी, ३६ लिटर, नवसागर ०.२३ ग्रॅम.

२ मार्च

मोठी पेटी: अमोनिया ०.२५, नायट्राइट काठोकाठ, चाचणीचा रंग गडद जांभळा. बरोबर चाललंय.

लहान पेटी अडकली. अमोनिया दहा दिवस १.५ वर ठाण मांडून. पीएच मोजला तर ६.२. न्यूटला मऊ पाणी बरं या विचाराने ही पेटी पूर्ण आरओच्या पाण्याने भरली होती आणि तिथेच चुकलं. जिवाणूंना कार्बोनेट लागतं, आणि ते आरओमध्ये जवळजवळ नसतं. काम करता करता ते आम्ल सोडतात, पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली ते जवळपास थांबतात. उपाय स्वयंपाकघरातला, खायचा सोडा. ३६ लिटरला ४ अंश कार्बोनेट कठीणपणा वाढवायला ४.३ ग्रॅम, दोन दिवसांत विभागून. इथून पुढे निम्मं नर्मदेचं, निम्मं आरओचं.

११ मार्च

लहान पेटी हलली, अमोनिया ०.५. मोठीत २ पीपीएम २४ तासांत शून्य, नायट्राइटही शून्य. ७० टक्के पाणी बदललं, हीटर काढला, चिलर जोडायला घेतला.

जोडताना एक मोठी चूक वेळीच दिसली. नळकाम करणाऱ्याने चिलरच्या दोन्ही तोंडांना पितळेचे निपल बसवले होते. पितळेतलं तांबं उभयचरांना विषारी आहे आणि ते हळूहळू सुटत राहतं, म्हणजे लक्षणं दिसेपर्यंत कारण सापडत नाही. दोन्ही काढून नायलॉनचे लावले. पाण्याच्या वाटेवर काच, सिलिकॉन, पीव्हीसी, नायलॉन, यांपलीकडे काही नको.

२७ वरून १८ वर यायला नऊ तास लागले.

१४ मार्च

थंड केल्यावर पुन्हा २ पीपीएमची परीक्षा. २४ तासांचं काम ४१ तासांवर गेलं. जिवाणू मेले नाहीत, मंदावले आहेत. दोन आठवडे रोज अर्धी मात्रा देत राहायचं. बऱ्याच जणांच्या पेट्या इथेच फसतात: उबेत परीक्षा पास, मग पाणी गार करून त्याच दिवशी प्राणी सोडतात आणि आठवड्यात अमोनिया डोकं वर काढतो.

२३ मार्च

प्रवाह. चिलरला तासाला ५०० लिटर लागतात, ॲक्सोलॉटलला संथ पाणी लागतं. दोन्ही साधायला परतीचं पाणी ६० सेंमीच्या स्प्रे बारमधून सोडलं, २ मिमीची ३० भोकं, तोंडं मागच्या काचेकडे. रंगाचा एक थेंब टाकून पाहिलं. पेटीच्या मधोमध तो ताणला न जाता जागीच विरला पाहिजे. प्राणी आल्यावर खूण त्याच्या कल्ल्यांवर दिसते: कल्ल्यांचे तुरे पुढे वळून टोकं आकड्यासारखी वाकली, तर धार जास्त. शोषणाऱ्या तोंडाला जाड स्पंज, नाहीतर कल्ला ओढला जातो.

वाळू १ मिमीपेक्षा बारीक, ६.५ किलो, म्हणजे तळावर एक सेंमीचा थर. बांधकामाची वाळू मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळली आणि पाणी नितळ होईपर्यंत अकरा वेळा धुतली. खडे कधीच नाहीत. ॲक्सोलॉटल खाताना तोंडाने पाणी ओढतो, त्यासोबत खडा पोटात जातो आणि आतडं तुंबतं. १२ सेंमीपेक्षा लहान पिल्लाला तर वाळूही नको, उघडी काच बरी.

लपायला चार इंची पीव्हीसी पाइपचे २० सेंमीचे दोन तुकडे, कडा पॉलिश पेपरने बोट फिरेल इतक्या गुळगुळीत. त्याला पापण्या नसतात, म्हणून दिवा ६ वॉटचा, तोही फक्त संध्याकाळी.

१३ एप्रिल

खोली ३५, आर्द्रता २२ टक्के. लहान पेटीवर पंखा लावून पाहिला: पाणी २५.५ वर थांबलं आणि दिवसाला २ लिटर उडालं. भर आरओनेच घालायची, कारण उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. पण २५.५ न्यूटला नको. दुसरा चिलर घेण्याऐवजी नळीचं वेटोळं करायचं ठरलं. दोन्ही पेट्यांचं पाणी मिसळणार नाही, मोठीतलं गार पाणी नळीतून लहानीत फिरून परत जाईल.

२० एप्रिल

आरओ दुरुस्तीवाल्याकडची पाव इंची पांढरी नळी, १० मीटर. पहिल्या प्रयत्नात एकच लांब वेटोळं केलं. धार सुतळीएवढी झाली, परतीचं पाणी लहान पेटीच्याच तापमानाचं आणि पेटी २३ च्या खाली येईना. ५-५ मीटरची दोन वेटोळी शेजारी-शेजारी जोडली. नळी तेवढीच, पण प्रत्येक वेटोळ्यात अडथळा निम्मा आणि प्रवाहही दोघांत वाटला गेला. आता मोठी १७.५ आणि लहान २०.५.

नळी पेटीच्या मागच्या बाजूला, पुढे जाळीचा पडदा, नाहीतर न्यूट मागे अडकून राहील.

१८ मे

बाहेर ४१, खोली ३६.५. मोठी १७.६, लहान २०.८. कम्प्रेसर तासातली ४३ मिनिटं चालतो, हे जास्त आहे. चिलरची गरम हवा खोलीतच फिरत होती, म्हणजे पेटीतली उष्णता काढून तिच्याच शेजारी ठेवण्यासारखं. चार इंची लवचीक डक्ट लावून ती हवा खिडकीबाहेर सोडली, मागे ३० सेंमी मोकळी जागा ठेवली. तीन दिवसांनी: ३७ मिनिटं. चिलर कपाटात बंद करायची कल्पना शोभेच्या दृष्टीने चांगली, पण तो तिथे गुदमरून बंद पडतो.

१९ मे

वीज गेल्याचा सराव. मुख्य बटण बंद, तीन तास. १७.६ वरून १९.०, म्हणजे तासाला अर्धा अंश. फोम नसता तर एक अंश. फ्रीजरमध्ये एक लिटरच्या बाटल्या, ९०० मिली पाणी भरून, कायम सहा. एक बाटली १५० लिटरला सुमारे ०.७ अंश उतरवते, म्हणजे साधारण दीड तासाला एक. तीन एकदम टाकल्या तर तापमान झपाट्याने घसरतं, तो धक्काही वाईट. सुट्टा बर्फ पाण्यात टाकायचा नाही, नळाच्या पाण्याचा असेल तर त्यात क्लोरीन असतं.

चिलर इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर प्युअर साइन वेव्हच हवा. स्क्वेअर वेव्हवर कम्प्रेसर घुमतो आणि तापतो.

२९ जून

पावसाळा, आणि नवीनच अडचण. सकाळी समोरच्या काचेवर दव. वरच्या कडेला बारीक थेंब, एकमेकांत मिसळून जड झाले की एक ओघळ सरळ खाली, स्टँडच्या प्लायच्या कडेवर. खोली २८, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे दवबिंदू २४ च्या थोडा वर आणि काच बाहेरून १९. घाम येणारच. प्लायची कड एका जागी फुगली आहे.

६ जुलै

समोर १२ मिमी हवेची पोकळी सोडून ४ मिमीची दुसरी काच लावली, आत सिलिका जेलच्या चार पुड्या, कडा सीलबंद. बाहेरची काच आता पावणेचोवीसच्या आसपास, बहुतेक दिवस कोरडी. झड लागलेल्या दिवशी अजून पुसट दव धरतं, त्यासाठी काचेवर संगणकाचा छोटा पंखा. प्लायच्या कडा वाळवून इपॉक्सीने बंद केल्या. सगळी वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन, म्हणजे थेंब वायरवरून घसरला तरी सॉकेटऐवजी जमिनीवर पडेल.

१३ जुलै

लहान पेटीची आतली मांडणी. एक तृतीयांश पाण्यावर कॉर्कच्या सालीचं बेट, एक कड पाण्यात उतरती, कारण न्यूटला चढायला उतार लागतो. जावा मॉसचे तीन मुठी पुंजके, ॲन्युबियास या पाणवनस्पतीची दोन रोपं. शहाबादी फरशीचा तुकडा काढून टाकला, तो चुनखडीचा असतो आणि पाणी कठीण करतो.

झाकण सर्वांत महत्त्वाचं. न्यूट ओल्या काचेच्या कोपऱ्यातून पोट चिकटवत सरळ वर चढतो. वायर जाण्यापुरती अर्धा सेंमीची फट त्याला पुरते आणि मग तो पलंगाखाली वाळून सापडतो. स्टीलची बारीक जाळी, ॲल्युमिनियमची चौकट, चारही कोपऱ्यांना क्लिप, नळ्यांच्या भोकांत स्पंज कोंबलेला.

२० जुलै

कागदपत्रं. ॲक्सोलॉटल साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडून प्राणी कुठून आला त्याचा कागद आधी, पैसे नंतर. दार्जिलिंगकडचा हिमालयी सॅलॅमँडर १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे. कुणी देऊ केला तरी घ्यायचा नाही.

३ ऑगस्ट

ॲक्सोलॉटल आला, बंदिवासात जन्मलेला, १६ सेंमी. आधी विलगीकरण: २० लिटरचा टब, गडद जागा, ३० दिवस, रोज पूर्ण पाणी बदल. टब पेटीच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवला आहे, म्हणजे तापमान आपोआप १८ वर राहतं. जाळी, बादली, सायफन वेगळं.

सांडपाणी थेट नालीत नाही. शेपटीवाल्या उभयचरांची कातडी खाणारी बीसॅल ही बुरशी २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी वर्णिली. ती नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरचा फडशा पाडत होती आणि आशियाई न्यूट ती अंगावर वागवत फिरतात. आपल्या हिमालयातही सॅलॅमँडर आहेत. म्हणून २० लिटरच्या बादलीला एक कप ब्लीच, रात्रभर, मग ओतायचं.

१० ऑगस्ट

खाणं. गांडूळ खताच्या खड्ड्यांत दोन जातींची गांडुळं हमखास मिळतात. लालसर, पट्टेवाली आयसेनिया कडवट पिवळा द्रव सोडते. ती तोंडात घेऊन ॲक्सोलॉटलने दोनदा थुंकली. जांभळट, लांब युड्रिलस मात्र एका झटक्यात आत. ओल्या कोकोपीटमध्ये दोन दिवस ठेवून पोट रिकामं करून, धुऊन, डोक्याच्या रुंदीएवढे तुकडे. एक दिवसाआड एक. गप्पी मासे जिवंत खाऊ म्हणून घालायचे नाहीत, ते परजीवी घेऊन येतात.

२ सप्टेंबर

विलगीकरण संपलं. कातडी स्वच्छ, विष्ठा घट्ट, कल्ले सरळ. दुपारी मोठ्या पेटीत. दहा मिनिटं तळाला निश्चल, मग पुढचे पाय वाळूत रोवत पाइपपर्यंत चालत गेला आणि फक्त कल्ल्यांचे तुरे बाहेर ठेवून आत बसला. तुरे सैल, मागे झुकलेले. धार कमी करायला स्प्रे बारला आणखी भोकं पाडावी लागणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात अमोनिया-नायट्राइट रोज मोजायचं, नंतर आठवड्याला एकदा. नायट्रेट २० च्या वर गेलं की २५ टक्के पाणी बदल.

न्यूट मिळालेले नाहीत. जे दाखवले गेले ते जंगलातून पकडलेले, पोटं खपाटीला, कागद नाही. लहान पेटी २०.१ अंशांवर चालू आहे, मॉसने कॉर्कची एक कड झाकली आहे. जिवाणू उपाशी मरू नयेत म्हणून तिला आठवड्यातून दोनदा ०.११ ग्रॅम नवसागर.